शर्यतीच्या मैदानावरील टूल ट्रॉली : चाकांची निवड कशी करावी

मोटार शर्यतीत उतरणाऱ्या लहान संघांना, मग ते अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे असोत किंवा पदरमोड करून मोटारसायकल वा गो-कार्ट पळवणाऱ्या हौशी स्पर्धकांचे, हत्यारे, सुटे भाग आणि जॅक एकत्र वाहून नेण्यासाठी चाकांच्या एका मजबूत गाडीची गरज भासते. टूल ट्रॉली या नावाने ओळखली जाणारी ही गाडी बहुधा संघाच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्येच चौकोनी पाइप आणि पत्रा वापरून बांधली जाते. सांगाड्याची आखणी, कप्प्यांची मांडणी आणि रंग यांवर पुरेसा विचार होतो. चाके मात्र सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत बसतील तशी आणली जातात. वर्कशॉपच्या गुळगुळीत फरशीवर अशी ट्रॉली सहज पळते, परंतु शर्यतीच्या ठिकाणी पेव्हर ब्लॉकच्या फटीत, गटाराच्या जाळीवर किंवा खडीत तिची चाके रुततात आणि जो वेळ गाडीच्या दुरुस्तीला द्यायचा तो ट्रॉली उचलण्यात जातो. यासाठी कामाचा क्रम उलटा धरणे हिताचे ठरते : प्रथम जमीन पाहावी, मग भाराचा हिशेब करावा, त्यानुसार चाके विकत घ्यावीत आणि ती हाती आल्यानंतरच सांगाड्याचे पाइप कापावेत.

जमिनीची पाहणी

शर्यतीच्या ठिकाणी ट्रॉली प्रत्यक्ष धावपट्टीवर जात नाही. तिचा वावर पिट आणि पॅडॉक या दोन भागांत असतो. पिट म्हणजे धावपट्टीलगतची गाड्या थांबवण्याची व दुरुस्तीची जागा, तर पॅडॉक म्हणजे तिच्या मागे असलेला, संघांचे तंबू, टेम्पो आणि सामान यांसाठी राखलेला मोकळा परिसर. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत ट्रॉलीला दिवसातून अनेकदा पिटपासून तांत्रिक तपासणीच्या जागेपर्यंत, तेथून ब्रेक चाचणीच्या पट्ट्यापर्यंत आणि पुन्हा माघारी असे हेलपाटे घालावे लागतात, त्यामुळे एकाच फेरीत तिला काँक्रीट, डांबर, पेव्हर ब्लॉक आणि माती असे तीन-चार प्रकारचे पृष्ठभाग ओलांडावे लागू शकतात.

महाराष्ट्रातील संघ ज्या स्पर्धांना जातात त्यांची ठिकाणे पाहिली, तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइमतूर येथील करी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे आणि ग्रेटर नोएडा येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवरही विद्यार्थ्यांच्या स्पर्धा झाल्या आहेत. अशा ठिकाणी बराचसा वावर पक्क्या जमिनीवर होतो. याउलट इंदूरजवळील पिथमपूर येथे २००७ पासून रुजलेली बाहा ही स्पर्धा मुळातच खडबडीत मातीवर धावणाऱ्या वाहनांची आहे, तर मोटारसायकलींच्या डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉस शर्यतींत पॅडॉक म्हणजे अनेकदा एखादे मोकळे मैदानच असते. म्हणून चाके निवडण्यापूर्वी संघाने पुढील तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत : वाटेतील सर्वांत वाईट पृष्ठभाग कोणता, वाटेत सर्वांत उंच अडथळा किती मिलिमीटरचा आणि सर्वांत रुंद फट किती मिलिमीटरची. गेल्या वर्षीच्या स्पर्धेची छायाचित्रे किंवा तेथे जाऊन आलेल्या संघाशी केलेली चर्चा यांवरून ही उत्तरे सहज मिळतात. चाक निवडायचे ते या सर्वांत वाईट पन्नास मीटरसाठी. उरलेल्या वाटेवर तर कोणतेही चाक चालते.

भाराचा हिशेब

दुसरी पायरी वजनाची. उदाहरणादाखल ९०० मिमी लांब, ६०० मिमी रुंद आणि तीन कप्पे असलेली ट्रॉली घेतली, तर तिला २५ × २५ × २ मिमी मापाचा चौकोनी पाइप सुमारे साडेबारा मीटर लागतो. या पाइपचे वजन मीटरमागे साधारण १.४५ किलो असल्यामुळे सांगाडा १८ किलोच्या आसपास होतो आणि १.६ मिमी जाडीच्या पत्र्याचे तीन कप्पे मिळून आणखी २० किलोंची भर पडते. म्हणजे रिकामी ट्रॉलीच जवळजवळ ४० किलोंची झाली. त्यात पाने, सॉकेट सेट, टॉर्क रेंच आणि ड्रिल मिळून ६० किलो, ट्रॉली जॅक ३० किलो, लहान जनरेटर किंवा बॅटरी २५ किलो आणि सुटे भाग २५ किलो धरले, तर एकूण भार १८० किलोंवर जातो.

हा भार चार चाकांत विभागताना चाराने भागणे ही नेहमीची चूक असते. ताठ सांगाड्याची चारचाकी गाडी उंचसखल जमिनीवर उभी राहिली की एक चाक बहुधा अधांतरी राहते किंवा नुसते टेकलेले असते, त्यामुळे खरा भार तीन चाकेच पेलतात. म्हणून एकूण वजनाला तीनाने भागावे आणि आलेल्या संख्येला, खड्ड्यातून जाताना बसणाऱ्या धक्क्यांसाठी, दीडने गुणावे. वरील उदाहरणात प्रत्येक चाकाची क्षमता त्यामुळे किमान ९० किलो असावी लागते, म्हणजेच बाजारात १०० किलो किंवा त्याहून अधिक क्षमतेचे चाक मागावे. चाकावर किंवा उत्पादकाच्या पत्रकात छापलेली क्षमता बहुधा सपाट जमिनीवर आणि माणसाच्या चालण्याच्या वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ४ किलोमीटरने, ढकलल्या जाणाऱ्या गाडीसाठी दिलेली असते, हेही ध्यानात ठेवावे. वेग वाढला किंवा जमीन खडबडीत झाली की तेच चाक कमी भार पेलते.

व्यास : सर्वांत महत्त्वाचे माप

भारक्षमता पुरेशी असली म्हणजे चाक योग्य ठरते असे नाही. ७५ मिमी व्यासाचे नायलॉनचे चाकही १०० किलो पेलू शकते, परंतु ते पेव्हर ब्लॉकच्या कडेला अडते. चाक अडथळा ओलांडू शकेल की नाही हे मुख्यतः त्याच्या व्यासावर ठरते आणि यामागचे गणित साधे आहे. चाकाची त्रिज्या आणि अडथळ्याची उंची यांतील फरक जितका मोठा, तितका चाकाला अडथळ्यावर चढण्यासाठी मिळणारा तरफेचा फायदा अधिक. लहान चाकात हा फरक इतका कमी असतो की पुढे दिलेला जोर गाडी वर चढवण्याऐवजी अडथळ्यावरच आपटतो.

हे आकड्यांत पाहिले तर अंतर किती मोठे आहे हे कळते. १८० किलोंच्या ट्रॉलीची पुढची दोन चाके मिळून ९० किलो भार पेलत आहेत आणि ती १० मिमी उंचीच्या कडेला टेकून थांबली आहेत असे समजू. चाके कडक असतील आणि जोर आडवा लावला जात असेल, तर १०० मिमी व्यासाच्या चाकांना ही कड चढण्यासाठी सुमारे ६८ किलो वजनाइतका जोर लागतो, २०० मिमीच्या चाकांना सुमारे ४४ किलोंइतका आणि २६० मिमीच्या चाकांना सुमारे ३८ किलोंइतका. कड २० मिमीची झाली की १०० मिमीच्या चाकांसाठी हाच जोर १२० किलोंवर जातो, म्हणजे ट्रॉली ढकलणे संपून ती उचलणे सुरू होते. २०० मिमीच्या चाकांना मात्र त्याच कडेवर ६८ किलोंच्या आसपास जोर पुरतो आणि तो दोन माणसे एकत्र मिळून लावू शकतात. बैलगाडीचे चाक माणसाच्या कमरेच्या वर का जाते, याचे कारणही याच गणितात आहे.

फटींच्या बाबतीतही हाच नियम लागू होतो. गटारावरील लोखंडी जाळीच्या पट्ट्यांत २५ मिमी अंतर असेल, तर लहान आणि अरुंद चाक त्यात खाली उतरते, ट्रॉली जागच्या जागी थबकते आणि वरच्या कप्प्यातील सॉकेट घरंगळत खाली येतात. रुंद आणि मोठे चाक त्याच जाळीवरून किरकोळ धक्क्यानिशी पार होते. या सर्व कारणांनी बाहेर वापरायच्या ट्रॉलीसाठी १५० मिमी हा व्यास किमान मानावा आणि शक्य असेल तेथे २०० मिमी घ्यावा. १०० व १२५ मिमीची चाके वर्कशॉपच्या चार भिंतींत राहणाऱ्या ट्रॉलीसाठीच राखून ठेवावीत.

चाकाचा पदार्थ

व्यास ठरल्यावर प्रश्न येतो तो जमिनीला टेकणाऱ्या थराचा. पदार्थ कडक असेल तर चाक सपाट जमिनीवर हलके पळते, परंतु प्रत्येक धक्का जसाच्या तसा सांगाड्यात जातो. मऊ असेल तर ते खडा स्वतःत दाबून घेते आणि आवाज कमी होतो, मात्र सपाट जमिनीवर थोडा अधिक जोर लागतो. हा कडकपणा शोअर नावाच्या मोजपट्टीवर दाखवला जातो. तिच्या ए या श्रेणीत रबराचे चाक साधारण ६० ते ८० अंकांच्या आसपास, तर पॉलियुरेथेनचे चाक साधारण ८५ ते ९५ अंकांत असते, आणि नायलॉन इतके कडक असते की ते डी या वेगळ्या श्रेणीत मोजावे लागते.

पॉलिप्रॉपिलीनची चाके सर्वांत स्वस्त असतात, पण उन्हात काही काळ राहिली की ठिसूळ होतात आणि धक्क्याने त्यांचे तुकडे उडतात. ती या कामासाठी टाळावीत. नायलॉनवर पेट्रोल किंवा ऑइलचा परिणाम होत नाही आणि ते भारही उत्तम पेलते, परंतु खडबडीत काँक्रीटवर त्याचा खडखडाट होतो आणि त्या कंपनांनी टॉर्क रेंचसारखी नाजूक मोजमापाची हत्यारे बिघडू शकतात. बिडाची चाके कारखान्यात जड साच्यांसाठी उपयोगी पडतात. शर्यतीच्या ठिकाणी ती डांबर व फरशी खराब करतात, शिवाय खडीवर घासून ठिणगी पडण्याचा धोका असल्यामुळे पेट्रोलच्या आसपास ती अजिबात नकोत.

खरी निवड रबर आणि पॉलियुरेथेन या दोहोंतच करायची असते. दुकानात पीयू या नावाने मिळणारे पॉलियुरेथेनचे चाक झिजेला टिकाऊ असते आणि पेट्रोल व ऑइल यांना चांगले तोंड देते. ब्रेक ऑइल मात्र, जे डॉट ३ व डॉट ४ या प्रकारांत ग्लायकोलवर आधारित असते, त्याला अपाय करते, म्हणून असे ऑइल सांडल्यास चाक लगेच पाण्याने धुवावे. नैसर्गिक रबराची गोष्ट याच्या उलट आहे : ते ब्रेक ऑइलने फारसे बिघडत नाही, पण पेट्रोल आणि इंजिन ऑइलने फुगते व भुसभुशीत होते. पॉलियुरेथेनमध्येही दोन जाती आहेत. पॉलिएस्टर जातीचे चाक दमट हवेत काही वर्षांत आतून विघटित होऊन त्याच्या थराचे तुकडे पडू लागतात, तर पॉलिइथर जातीचे चाक ओलाव्यात जास्त टिकते. कोकण, मुंबई किंवा गोव्यात ट्रॉली ठेवणाऱ्या संघांनी खरेदीच्या वेळी जात विचारून घेणे त्यामुळे आवश्यक आहे.

उन्हाने तापलेल्या डांबराचाही विचार करायला हवा. भर दुपारी डांबर मऊ पडलेले असताना अरुंद व कडक चाकांवर उभी केलेली जड ट्रॉली त्यात खड्डे पाडते आणि पुढे ढकलताना त्याच खड्ड्यांत अडकते. ५० मिमी रुंदीचे, जाड रबरी किंवा तुलनेने मऊ पीयू थराचे चाक भार अधिक क्षेत्रावर पसरवते, त्यामुळे हा त्रास कमी होतो. पीयूचा किंवा रबराचा थर आतल्या बिडाच्या अथवा अॅल्युमिनियमच्या गाभ्याला एकजीव चिकटलेला आहे की नुसता चढवलेला आहे, हेही पाहावे. चढवलेला थर बाजूच्या जोराने सुटून येतो.

हवेची चाके

मातीच्या मैदानासाठी हवेच्या टायरला तोड नाही. हवेचा दाब ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २ किलो असेल, तर टायर जमिनीवरही साधारण तितकाच दाब देतो. कडक चाकाचा दाब मात्र त्याच्या बारीक स्पर्शरेषेवर एकवटतो आणि ते मातीत उतरते. ३.००-४ या मापाचे, सुमारे २६० मिमी व्यासाचे आणि हातगाड्यांना सर्रास बसणारे टायर या कामासाठी सोयीचे आहेत, कारण त्यांच्या ट्यूब बहुतेक शहरांत मिळतात.

असे असले तरी हवेच्या चाकांचे तोटे शर्यतीच्या वातावरणात विशेष जाणवतात. गाडीचे नटबोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना बांधल्या जाणाऱ्या लॉक वायरचे कापलेले तुकडे पिटमध्ये सगळीकडे पडलेले असतात. एक-दोन सेंटीमीटर लांबीचा, तिरप्या टोकाचा हा स्टीलचा तुकडा टायरच्या खाचेत उभा रुततो, सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली एका बाजूला कललेली दिसते. दुसरे असे की हवेच्या चाकांवर उभी असलेली ट्रॉली डुलते, त्यामुळे तिच्यावर व्हाइस बसवून पाइप कापणे किंवा जोर लावून नट सोडवणे कठीण जाते. पंक्चरची भीती असेल तर आत पीयू फोम भरलेले टायर घ्यावेत, जे थोडे जड आणि कमी लवचीक असले तरी हवा मागत नाहीत. डुलण्यावर उपाय म्हणून सांगाड्याच्या चार कोपऱ्यांना खाली सोडता येणारे स्क्रूचे पाय वेल्ड करून घ्यावेत, म्हणजे काम करताना भार चाकांवरून पायांवर घेता येतो.

फिरती आणि स्थिर चाके

सांगाड्याला बोल्टने बसवायच्या संपूर्ण संचाला, म्हणजे चाक, त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क आणि वरची चौकोनी प्लेट मिळून, कॅस्टर म्हणतात. ज्याचा फोर्क छर्ऱ्यांच्या कड्यावर गोल फिरतो तो फिरता कॅस्टर आणि ज्याचा फोर्क प्लेटला पक्का असतो तो स्थिर किंवा फिक्स कॅस्टर. फिरत्या कॅस्टरमध्ये चाकाचा अक्ष फिरण्याच्या केंद्राखाली बरोबर नसून थोडा मागे असतो. या अंतरामुळेच चाक ढकलण्याच्या दिशेला आपोआप वळते.

चारही कॅस्टर फिरते घेतले तर ट्रॉली पिटमधील अरुंद जागेत आडवी सरकवता येते, परंतु बाजूला उतार असलेल्या वाटेवर ती सतत खालच्या अंगाला ओढली जाते आणि तिला सरळ ठेवण्यातच माणूस दमतो. लांब अंतर चालायचे असल्यास दोन स्थिर आणि दोन फिरते ही मांडणी सर्वांत भरवशाची असते, आणि तिच्यात फिरते कॅस्टर हँडलच्या बाजूला बसवावेत म्हणजे ढकलणाऱ्याला थेट वळवता येते. दोन्हींचा फायदा हवा असेल तर चारही फिरते घेऊन त्यांपैकी पुढच्या दोघांना दिशा पक्की करणारी खीळ असलेले मॉडेल निवडावे. स्थिर आणि फिरते कॅस्टर नेहमी एकाच उत्पादकाच्या एकाच मालिकेतले असावेत. अन्यथा त्यांच्या एकूण उंचीत फरक पडून ट्रॉली कायमची एका बाजूला झुकते.

ट्रॉली मोटारसायकलने किंवा चारचाकी क्वाड बाइकने ओढण्याचा मोह लांबच्या पॅडॉकमध्ये होतो. फिरते कॅस्टर चालण्याच्या वेगापलीकडे गेले की डावी-उजवीकडे वेगाने फडफडू लागतात, त्यामुळे ओढण्यासाठी ते निरुपयोगी आणि धोकादायक असतात. ओढायचीच असेल तर मागे स्थिर धुरा, पुढे दांड्याबरोबर वळणारी धुरा आणि हवेचे टायर अशी वेगळी रचना करावी. अमेरिकेतील मातीच्या गोल ट्रॅकवर जाणारे संघ अशाच गाड्या वापरतात. आयोजकांनी पॅडॉकमधील वाहनांसाठी वेगाची किंवा परवानगीची अट घातली असेल, तर ती अर्थातच आधी पाहावी.

ब्रेक

बारा मीटरला एक मीटर इतक्या माफक चढावर उभी असलेली १८० किलोंची ट्रॉली सतत १५ किलो वजनाइतक्या जोराने खाली ओढली जात असते. पिटमधून सुटलेली अशी ट्रॉली धावपट्टीच्या दिशेने गेली तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. म्हणून किमान दोन चाकांना ब्रेक असणे अनिवार्य मानावे. साधा ब्रेक फक्त चाकाचे फिरणे थांबवतो आणि फोर्क मोकळाच राहतो, त्यामुळे ट्रॉली थांबली तरी डोलते. संपूर्ण लॉक असलेला कॅस्टर चाक आणि फोर्क दोन्ही एकाच वेळी जखडतो. काम करण्यासाठी ट्रॉली स्थिर राहावी अशी अपेक्षा असल्यास संपूर्ण लॉकचे दोन कॅस्टर हँडलच्या बाजूला घ्यावेत. ब्रेकचा पायाने दाबायचा पट्टा बूट घालून सहज लागतो आणि उचलता येतो की नाही, हे दुकानातच करून पाहावे. हवेच्या चाकांना ब्रेक बहुधा मिळत नाही. तेथे दोरीने ट्रॉलीलाच बांधून ठेवलेल्या दोन लाकडी पाचरी पुरेशा होतात.

बेअरिंग

चाकाच्या मध्यभागी नुसती बुश असेल तर ती धुळीत लवकर झिजते आणि चाक लटपटू लागते. रोलर बेअरिंग भार चांगला पेलते पण त्याला वेळोवेळी ग्रीस द्यावे लागते. मातीच्या मैदानासाठी दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले, म्हणजे क्रमांकापुढे २आरएस असे छापलेले, बॉल बेअरिंग उत्तम. झेडझेड असे छापलेल्या बेअरिंगवर फक्त पत्र्याची झाकणे असतात आणि बारीक धूळ त्यांतून आत जाते. फोर्क ज्या कड्यावर फिरतो त्यात छर्ऱ्यांच्या दोन रांगा असाव्यात, कारण एकाच रांगेचे कडे बाजूच्या धक्क्यांनी सैल होते. मधली पिन रिव्हेट केलेली असेल तर ती सैल झाल्यावर कॅस्टरच बदलावा लागतो, नटबोल्टची असेल तर आवळता येते. परीक्षा सोपी आहे : प्लेट एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने चाक बाजूला हलवावे, नव्या कॅस्टरमध्ये स्पष्ट खडखड जाणवली तर तो बाजूला ठेवावा.

उंची आणि तोल

मोठ्या चाकांची किंमत उंचीच्या रूपात मोजावी लागते. १०० मिमी चाकाच्या कॅस्टरची एकूण उंची साधारण १३५ मिमी, तर २०० मिमी चाकाच्या कॅस्टरची साधारण २४० मिमी असते. ट्रॉलीचा माथा जमिनीपासून ९०० मिमीवर हवा असेल, तर पहिल्या बाबतीत सांगाडा ७६५ मिमीचा आणि दुसऱ्यात ६६० मिमीचाच ठेवावा लागतो. हा हिशेब न करता मोठी चाके मागाहून लावली की माथा छातीपाशी येतो आणि गुरुत्वमध्यही वर सरकतो.

ट्रॉली आडवी किती कलल्यावर उलटेल, हे चाकांमधील अर्धे अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते. अर्धे अंतर २५० मिमी आणि गुरुत्वमध्य ६०० मिमीवर असेल, तर ती सुमारे २२ अंशांवर उलटण्याच्या बेतात येते. जॅक आणि बॅटरी खालच्या कप्प्यात ठेवून गुरुत्वमध्य ४५० मिमीवर आणला तर हीच मर्यादा २९ अंशांपर्यंत जाते. फिरते कॅस्टर आतल्या बाजूला वळले की त्या टोकाचा आधार कॅस्टरमधील अक्षाच्या अंतराइतका आत सरकतो आणि मर्यादा पुन्हा घटते, म्हणून प्लेट सांगाड्याच्या अगदी बाहेरच्या कडेला लावावी. जड कप्पे खाली आणि एका वेळी एकच कप्पा उघडा, हा नियम ट्रॉलीवर रंगानेच लिहून ठेवावा.

जोडणी आणि वाहतूक

कॅस्टरची प्लेट सांगाड्याला थेट वेल्ड करू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या प्लेटवर वेल्डिंग केल्यास आरोग्याला घातक धूर निघतो, उष्णतेने कड्यातील ग्रीस जळते, छर्रे व कडे नरम पडतात आणि चाक बदलायची वेळ आली की ग्राइंडर हाती घ्यावा लागतो. सांगाड्याच्या प्रत्येक कोपऱ्यात ५ किंवा ६ मिमी जाडीची पट्टी वेल्ड करून, तिच्यात कॅस्टरच्या भोकांप्रमाणे छिद्रे पाडून, एम १० मापाच्या चार बोल्टनी आणि न सुटणाऱ्या नायलॉक नटांनी कॅस्टर जोडावा. भोकांची मापे उत्पादकानुसार बदलतात. म्हणून कॅस्टर हाती येईपर्यंत ड्रिल उचलू नये. दोन स्थिर चाके एकमेकांना अचूक समांतर आहेत का, हे पुढून व मागून त्यांच्यातील अंतर मोजून तपासावे, कारण ती समांतर नसतील तर घासत चालतात आणि थर वेडावाकडा झिजतो.

पुण्याहून कोइमतूरला जायचे तर टेम्पोत हजार किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. या सर्व वेळात ट्रॉली भरलेली आणि चाकांवर उभी राहिली तर पीयू आणि रबराचे थर एकाच जागी दबून सपाट होतात आणि ब्रेकवर सतत हिसके बसतात. टेम्पोत चढवल्यावर सांगाड्याखाली लाकडी ठोकळे सरकवून भार चाकांवरून काढावा आणि रॅचेट पट्ट्यांनी ट्रॉली सांगाड्यालाच धरून आवळावी. ७० सेंमी उंच हौद्यावर २ मीटर लांबीच्या फळीवरून १८० किलोंची ट्रॉली चढवायला ६० किलोंहून अधिक जोर सतत लावावा लागतो. म्हणून जॅक, बॅटरी आणि जड पेट्या आधी उतरवून ठेवणेच शहाणपणाचे. पहिल्या प्रवासानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत.

खरेदी आणि निर्णय

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर परिसर येथे कॅस्टर आणि लोखंडी सामान यांची दुकाने हारीने आहेत. दुकानात जाताना व्यास, चाकाची रुंदी, प्रत्येक चाकाची क्षमता, थराचा पदार्थ, बेअरिंगचा प्रकार आणि ब्रेकचा प्रकार या सहा गोष्टी लिहून न्याव्यात, कारण नुसते ट्रॉलीची चाके असे म्हटल्यास दुकानदार सहसा फर्निचरची लहान चाके समोर ठेवतो. चारऐवजी पाच कॅस्टर घ्यावेत. पाचवा फिरता आणि संपूर्ण लॉकचा असावा, कारण बहुधा तोच सर्वांत आधी तुटतो आणि स्पर्धेच्या गावी नेमक्या त्या मापाचा मिळेलच असे नाही.

भारतातील शर्यतींच्या ठिकाणांचा विचार करता, पक्क्या जमिनीवर वावरणाऱ्या १५० ते २०० किलोंच्या ट्रॉलीसाठी २०० मिमी व्यासाची, ५० मिमी रुंदीची, बिडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या गाभ्यावर रबरी अथवा मऊ पीयू थर असलेली, सील केलेल्या बॉल बेअरिंगची चाके घ्यावीत आणि त्यांची मांडणी दोन स्थिर, दोन फिरती व लॉकची अशी ठेवावी. मातीच्या मैदानासाठी २६० मिमीचे हवेचे किंवा फोम भरलेले टायर, खाली सोडायचे स्क्रूचे पाय आणि दोन पाचरी एवढे साहित्य पुरेसे आहे. दोन्ही प्रकारच्या स्पर्धांना जाणाऱ्या संघाने कोपऱ्याच्या पट्ट्यांत दोन्ही संचांची छिद्रे पाडून ठेवावीत आणि गरजेप्रमाणे संच बदलावा. संघाचे पैसे कमी असतील तर रंग, पत्र्याची जाडी किंवा कप्प्यांची संख्या कमी करावी. चाकांवर मात्र काटकसर करू नये, कारण ट्रॉलीच्या इतर सर्व उणिवा निभावून नेता येतात, न चालणारी चाके निभावून नेता येत नाहीत.